लिफ्टबंदी आणि मॉरिसटाउनची कुत्री

दादरच्या आमच्या सोसायटीत पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करावी की नाही, यावर महिनाभर ग्रुपवर वाद रंगला आहे. त्यात एका काकांनी लिहिले, "अमेरिकेतली कुत्री आंधळ्यांना रस्ता दाखवतात, आपली नुसती घाण करतात." न्यू जर्सीत बसून ते वाचताना माझे डोके फिरले.

अंधांच्या सोबतीला कुत्री तयार करणारी, 1929 साली स्थापन झालेली 'द सीइंग आय' ही संस्था इथे मॉरिसटाउनला आहे आणि तिची कुत्री गावातल्या रस्त्यांवर सराव करताना दिसतात. पण कुत्रे रस्ता दाखवत नाही. कुठे जायचे ते अंध माणूसच ठरवतो. सिग्नलचा रंगही कुत्र्याला कळत नाही, मालक गाड्यांच्या आवाजावरून अंदाज घेऊन 'फॉरवर्ड' म्हणतो. कुत्र्याने अडथळा चुकवायचा, फुटपाथच्या कडेला थांबायचे आणि गाडी अंगावर येत असेल तर हुकूम मोडायचा. हुकूम पाळायला कोणतेही कुत्रे शिकते. तो कधी मोडायचा हे शिकवताना प्रशिक्षकाचा कस लागतो.

त्याआधी सात-आठ आठवड्यांचे पिल्लू एखाद्या साध्या कुटुंबात वर्षभर वाढते. आमच्या शेजारी असेच एक लॅब्रॅडॉर होते. शेजारची मुलगी त्याला दुकानात, ट्रेनमध्ये, लिफ्टमध्ये सगळीकडे नेई. टेबलाखाली पडलेल्या चिकनच्या तुकड्याला मात्र तोंड लावू देत नसे. परत देताना ती खूप रडली आणि काही महिन्यांत दुसरे पिल्लू घेऊन आली. काकांना ज्या कुत्र्याचे एवढे कौतुक आहे, ते लिफ्टमध्ये चढल्याशिवाय तयारच होत नाही, हे मी ग्रुपवर लिहिले. "तिकडे राहणाऱ्यांनी इकडचे नियम शिकवू नयेत," असे उत्तर आले. सभासद मी आहे, मेंटेनन्स मी भरतो. तरी ते वाक्य लागले.

दादरच्या फुटपाथवर फेरीवाले, मोटारसायकली आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांतून असे कुत्रे कसे चालेल, याचे उत्तर माझ्याकडेही नाही. इथे सिग्नलला अंध माणसाशेजारी मी गप्प उभा राहतो, कारण कामावरच्या कुत्र्याचे लक्ष विचलित करू नये, अशी इथली रीत आहे. दादर स्टेशनवर पांढरी काठी दिसली की "कुठं जायचंय?" म्हणत कोणीतरी दंड धरतोच. न विचारता असे धरणे अनेक अंधांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मुंबईच्या उणिवा मोजताना ही मी कधी मोजत नाही.