फवारणीच्या डब्यावरचा ‘साइड’

दादा, नमस्कार.

इंग्रजी शब्दाच्या शेवटी येणारा, लॅटिनमधून आलेला ‘मारणारा’ या अर्थाचा ‘साइड’ (-cide) मी वर्गात कसा शिकवला, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. वावरात राबणाऱ्यांच्या पोरांना लॅटिन कशाला, ‘कोइन्साइड’ आणि ‘डिसाइड’मध्ये कोण मरतं, आणि शेतकरी आत्महत्यांच्या आपल्या भागात ‘सुइसाइड’ (आत्महत्या) हा शब्द फळ्यावर लिहायलाच नको होता.

दुसऱ्यात तुमचं अर्धं बरोबर आहे. ‘कोइन्साइड’ पडणे या अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन धातूपासून आलाय, तो मी वगळायला हवा होता. ‘डिसाइड’ मात्र याच घरातला. मूळ धातूचा अर्थ कापणं, ठार मारणं. बाकीच्या वाटा छाटल्या की उरतो तो निर्णय.

तिसरा आक्षेप दोन दिवस मनात घोळत होता. मराठीनं किडीसाठी ‘नाशक’ आणि माणसासाठी ‘हत्या’ असे दोन शब्द वेगळे ठेवले. इंग्रजीत दोन्हीकडे ‘साइड’च. 1944 मध्ये कायदेतज्ज्ञ राफाएल लेम्किन यांनी ‘जेनोसाइड’ (वंशसंहार) शब्द घडवला, तोही हाच प्रत्यय लावून. हे सांगण्याच्या भरात मी ‘सुइसाइड’ही लिहिला. आत्महत्या झालेल्या घरातलं लेकरू समोर बसलेलं असू शकतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. चुकलं माझं. कोणी विचारलं तर शेजारी बसवून सांगेन, फळ्यावर लिहिणार नाही.

पण पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही. आपल्याकडे कृषी केंद्रातून आणलेल्या प्रत्येक डब्याला ‘औषध’च म्हणतात. माव्याचं औषध, तणाचं औषध. घरातलं इंग्रजी वाचणारं माणूस बहुतेक वेळा सातवी-आठवीतलं पोरगंच, बाप डबा त्याच्याच पुढं धरतो. इन्सेक्टिसाइड, हर्बिसाइड, फंगिसाइड: शेवट सारखा, म्हणून पोराला तिन्ही एकच वाटतात. कोणाला मारायचं ते शब्दाच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. हर्ब म्हणजे झाडपाला, आणि पऱ्हाटी म्हणजे कपाशीही झाडपालाच की! टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कपाशीवर चालवला, तरी पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात. कीटकनाशक, तणनाशक, बुरशीनाशक शेजारी मांडले की पोरांना हे चटकन कळतं. लॅटिनचं नावही घ्यावं लागत नाही.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ते तुम्हीही विसरला नसाल. दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, कोणतं औषध मारत होते? त्याला ‘फवारणीचं’ एवढंच उत्तर मिळालं, तर डॉक्टरांनी उपचार कशावरून ठरवायचा? म्हणून आता डब्यावरचा, विष किती जहाल ते रंगानं दाखवणारा त्रिकोणही शिकवतोय. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. डब्याला हात न लावता, घरच्यांना विचारून नाव आणि रंग वहीत लिहून आणा, असं पोरांना सांगितलंय. सोमवारी वह्या बघणार आहे.