टीडीएस किती आला?

घरात आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, बसवायचाय? की बसवलेला आहे आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपत आली म्हणून रोज दुपारी फोन येतोय? मग पुढचा सल्ला फुकट आहे, घेऊन टाका. आमच्या स्वयंपाकघरात परवाच या विषयाचं साग्रसंगीत प्रात्यक्षिक झालंय, त्यामुळे माल ताजा आहे.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. आपल्या नळाला पाणी कुठून येतं, याची चौकशी चुकूनही करू नका. महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, हे कळलं तर खरेदीच रद्द होण्याचा धोका असतो. मुंबईकरांना भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी मिळतं, पुण्याला खडकवासल्याचं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस धरणात साठतो आणि शुद्धीकरण केंद्रातून नळाला येतो. त्यात क्षार जेमतेम. अशा पाण्यातले क्षार काढायला हप्त्यावर यंत्र घेणं म्हणजे जागरूक नागरिक असणं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडवाल्या गावांत या यंत्राची खरोखर गरज आहे. पण तिथे गळ्यात आयकार्ड लटकवून दारोदार प्रात्यक्षिक दाखवणारं फारसं कुणी दिसत नाही. असो.

पाणी तपासायचंच असेल, तर ज्याला यंत्र विकायचंय त्यालाच तपासू द्या.

तो खिशातून पेनासारखं एक मीटर काढेल, ग्लासात बुडवेल आणि आकडा दिसताच चेहरा पाडेल. "सर, एकशे ऐंशी आहे." तुम्हीही लगेच चेहरा पाडा. एकशे ऐंशी काय, कशाचं, किती असायला हवं, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं की पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ, म्हणजेच टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. पण मानक काय, सरकारने कुठेतरी छापून ठेवलंय. समोरचा माणूस तर इस्त्रीचा शर्ट घालून आलाय.

ते मीटर फक्त एकच गोष्ट मोजतं. पाण्यातून वीज किती सहज वाहते, ते. त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणून पडद्यावर टीडीएस दाखवलं जातं. जंतू त्याला दिसत नाहीत. कीटकनाशक दिसत नाही. अपायकारक प्रमाणातलं शिसं किंवा आर्सेनिक इतकं थोडं असतं की आकडा हलतसुद्धा नाही. ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर ढवळून मीटर बुडवा, आकडा जवळपास होता तिथेच राहील, कारण साखर वीज वाहून नेत नाही. शहाळ्याच्या पाण्यात बुडवा, आकडा हजारांत जाईल. त्या हिशोबाने आजाऱ्याला शहाळं देणाऱ्यांवर गुन्हेच दाखल व्हायला हवेत.

यंत्रातल्या मेंब्रेनने, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याने, अडवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पुढच्या 'मिनरल' नळकांड्यातून परत विकत घ्यायला विसरू नका.

आता मुख्य कार्यक्रम. ओट्यावर दोन ग्लास. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचं. वर एक काळी डबी, तिला खाली चार कांड्या, आणि वायर थेट मिक्सरच्या प्लगात. बटण दाबलं की मिनिटभरात तुमचा ग्लास आधी पिवळट, मग विटकरी होतो, गाळ तरंगायला लागतो, वर फेस येतो. त्यांचा ग्लास जसाच्या तसा. मग तो संथपणे म्हणतो, "ये पानी पिला रहे थे आप बच्चों को?" या वाक्याला आजींनी तोंडाला पदर लावायचा असतो, आईने मुलाला जवळ ओढायचं असतं आणि बाबांनी क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो. कोणता रंग म्हणजे कोणतं विष, याचा लॅमिनेट केलेला तक्ताही मिळतो. तो श्रद्धेने वाचावा.

फक्त कांड्या कशाच्या आहेत, हे विचारू नये. कारण प्रत्येक ग्लासात एक कांडी लोखंडाची असते आणि एक ॲल्युमिनियमची. पाण्यातून वीज गेली की धन टोकाला जोडलेलं लोखंड विरघळतं आणि ऑक्सिजनशी गाठ पडून त्याचा विटकरी हायड्रॉक्साइड होतो. सरळ मराठीत गंज. तो गाळ तुमच्या पाण्यात नव्हताच. तो त्याने स्वतःच्या पिशवीतून आणला, कांडीच्या रूपात, आणि तुमच्या विजेवर तुमच्या ग्लासात सोडला! खूप वापरलेली कांडी नव्या कांडीशेजारी धरून बघा, कुरतडलेली दिसेल. त्यांचा ग्लास स्वच्छ राहतो, कारण त्यात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून कांडी विरघळत नाही. त्यात पाण्याच्या शुद्धतेचा काही संबंध नाही. त्याच ग्लासात घरातलं चिमूटभर मीठ टाका आणि बटण पुन्हा दाबायला सांगा. तोही विटकरी. मीठ टाकू का म्हटलं की उत्तर येतं, "मीठ डालने से केमिकल रिॲक्शन होता है सर." होते ना! तेच तर सांगतोय! मग मघाशी काय झालं होतं, चमत्कार? शाळेत विद्युत अपघटन शिकलेली, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी भरलेली माणसं हा गंज बघून घाबरतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे फोटो टाकतात. शिवाय ओल्या ओट्यावर उघड्या कांड्यांत २३० व्होल्ट खेळत असतात आणि लहान मुलं बघायला गोळा केलेली असतात, त्याचं कुणालाच काही नाही. पाण्यातला नसलेला गंज मात्र सगळ्यांना दिसतो.

बरं. यंत्र बसलं. आता देखभाल.

काम झाल्याचा ओटीपी आधी सांगा, काम नंतर बघू.

"मेंब्रेन गेलं" असं म्हणाले की ते गेलं, असं समजा. सिद्ध करून मागू नका, नाहीतर पुढच्या गोष्टी कळतील. मेंब्रेनची तपासणी दोन आकड्यांची असते. आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस आणि मेंब्रेनच्या थेट बाहेर येणाऱ्या पाण्याचा. चांगलं मेंब्रेन नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार अडवतं, म्हणजे आत ६०० असेल तर बाहेर ६० च्या खाली. ते प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली घसरलं तर बदलायला हरकत नाही. पण मोजायचं कुठे, ही यातली खरी कला. बऱ्याच यंत्रांत टीडीएस कंट्रोलर नावाची छोटी स्क्रूची चावी असते, ती मेंब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळते. चावी अर्धा फेरा सैल केली की तोटीचा आकडा वाढतो आणि मेंब्रेन "जातं". दुसरी युक्ती त्याहून सोपी आहे, तिला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. यंत्र रात्रभर बंद राहिलं की पलीकडचे क्षार हळूहळू मेंब्रेनमधून झिरपून शुद्ध बाजूला येतात. सकाळी सुरू केल्यावर येणारं पहिलं पाणी कायम जास्त टीडीएसचं असतं, नव्या मेंब्रेनचंसुद्धा. मोजायचं तर यंत्र दहा मिनिटं चालू ठेवून, पहिले दोन ग्लास ओतून टाकून, चावी बंद करून मेंब्रेनच्या नळीवर मोजा. हे सांगितलं की समोरच्याला अचानक दुसऱ्या कॉलची आठवण होते.

पाणी बारीक येतंय? तेही मेंब्रेनच, अर्थात. सेडिमेंट फिल्टर चिखलाने भरलाय का, यंत्राला पाणी सोडणारा कॉक अर्धवटच उघडा आहे का, हे आधी बघण्याइतका वेळ कोणाकडे आहे? आणि मेंब्रेन खरोखर लवकर मरायला हवं असेल तर कार्बन फिल्टर बदलणं टाळत जा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कार्बन अडवतो. तो थकला की क्लोरीन थेट मेंब्रेनवर जातं आणि त्याचा पॉलिअमाइडचा थर खराब करतं. म्हणजे कार्बनवर वाचवलेले पैसे मेंब्रेनला द्यायचे. साध्या एएमसीत मेंब्रेन बहुतेकदा धरलेलं नसतं, हे तुम्हाला सही झाल्यावर सांगतील.

लाल दिवा लागला की घाबरा. काही मॉडेलांत तो किती लिटर गाळलं ते मोजतच नाही, नुसते दिवस मोजतो. महिनाभर घर बंद होतं, तरी फिल्टर संपला!

वाया जाणारं पाणी हा विषय घरात काढू नका. नळी सरळ सिंकमध्ये सोडा आणि विसरा. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर जातं. घराला दिवसाला दहा लिटर प्यायला-स्वयंपाकाला लागलं, तर तीस लिटर गटारात. वर्षाला जवळजवळ अकरा हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचा एक टँकर भरून वर थोडं. शंभर फ्लॅटच्या सोसायटीचे वर्षाला शंभराहून जास्त टँकर. मग मे महिन्यात आपणच वर्गणी काढून टँकर मागवतो आणि तेही पाणी आरओतून काढतो. गंमत अशी, की आत येणारं पाणी १०० टीडीएसचं असेल तर ते बाहेर फेकलेलं पाणी फार तर १३०-१३५ चं असतं. म्हणजे ज्याला आपण 'वेस्ट' म्हणतो, ते क्षारांच्या बाबतीत पिण्याच्या मानकात आरामात बसतं. निदान फरशीला, संडासात, भांड्यांच्या पहिल्या हाताला वापरायला बादलीच लागते, तीसुद्धा ठेवायची नाही? टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच सांगितलं होतं. आपण ते वाचलं, फॉरवर्ड केलं आणि एएमसी रिन्यू केली.

आता थट्टा पुरे.

बहुतेक वेळा आजारी पाडतात ते पाण्यातले जंतू. क्षार नव्हेत. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याकडच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, दूषित पाण्यावर संशय गेला आणि महापालिकेने तिथल्या खासगी आरओ प्रकल्पांना टाळं ठोकलं. त्या पाण्यात कुणी पेन बुडवला असता तर आकडा छानच आला असता. तुमच्या यंत्राच्या टाकीतलं सात-आठ लिटर पाणीही बिनक्लोरीनचं असतं. चार दिवस गावाला जाऊन आलात तर ते सगळं सोडून द्यायचं असतं. देता का? ती टाकी आतून कधी धुतली, हे त्या टेक्निशियनला एकदा तरी विचारलंत का?

तपासायचं तर हे तपासा. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का, यासाठी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट. थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. जंतूंसाठी एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची बाटली. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवा आणि २४ तासांनी, मग ४८ तासांनी बघा. काळं पडलं तर त्यात मैलापाणी मिसळल्याचा दाट संशय. मग रसायनांसकट सगळी तपासणी सरकारी प्रयोगशाळेतून करून घ्या, विक्रेत्याकडून नाही. तोवर पाणी खळाखळा उकळा, नाहीतर मेडिक्लोर हे क्लोरीनचे थेंब टाका.

आणि तुमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी? झाकण एका बाजूला सरकलेलं, ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी नाही, कबुतरं येऊन बसतात. तेच पाणी सगळ्या घरांत खाली उतरतं, त्याने दात घासता, भाज्या धुता, मुलं आंघोळ करताना गिळतात. घरात एकाच तोटीला यंत्र लावून निश्चिंत झालात आणि वार्षिक सभेत टाकी वर्षातून एकदा धुवायची की दोनदा, यावर तासभर भांडलात. लाज वाटायला हवी. बॅटरी घ्या, गच्चीवर जा आणि झाकण उचलून आत बघा. मग मच्छरजाळीचा तुकडा आणि तार घेऊन ती नळी आजच बांधा, सेक्रेटरीची वाट बघू नका.