दुखत नाही म्हणजे हाड मोडलेले नाही, हे कोणी ठरवले?

व्हीलचेअरवर बसून खेळणाऱ्यांच्या हाडांविषयीचा एक मजकूर गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्यात म्हटले आहे की खेळणाऱ्या दिव्यांगांची सगळी हाडे आपोआप मजबूत होतात. लुळ्या पायांना रोज जोराने तेल चोळावे, ते पूर्ण वाकवावेत आणि माणसाला धरून उभे करावे. पाय दुखत नसेल तर हाड मोडलेले नसते. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खावा. आणि मासे व ऊन भरपूर असल्यामुळे कोकणी माणसाच्या हाडांना काही होत नाही. हा मजकूर गुहागरला माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने तो खरा मानला, म्हणून हे लिहीत आहे.

माझा मावसभाऊ सात वर्षांपूर्वी नारळ पाडताना माडावरून पडला आणि त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखाली त्याला हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही. आता तो थ्रोइंग फ्रेमवर, म्हणजे फेकीसाठी जमिनीला पक्क्या बसवलेल्या खुर्चीवर, पट्ट्यांनी बांधून घेऊन गोळाफेक करतो. गेल्या पावसाळ्यात रिक्षातून खुर्चीवर येताना त्याचा गुडघा दारावर आपटला. संध्याकाळी गुडघ्याच्या वर सूज आली आणि तेवढाच भाग गरम लागू लागला. पण दुखत नव्हते, त्यामुळे मावशीने दोन दिवस खोबरेल तेल चोळले. तिसऱ्या दिवशी पायांना नेहमीपेक्षा फार जास्त झटके येऊ लागले, तेव्हा एक्स-रे काढला. मांडीचे हाड गुडघ्याच्या लगेच वर मोडले होते.

म्हणून तिसऱ्या विधानाचा समाचार आधी घेतो. वेदना मेंदूला कळण्यासाठी तिचा संदेश मज्जारज्जूतून वर जावा लागतो. तो मार्गच तुटला असेल, तर हाडाचे दोन तुकडे झाले तरी माणसाला वेदना जाणवणार नाही. अशा पायाला अचानक सूज येणे, त्वचा गरम किंवा लाल होणे, पायाचा आकार वेगळा दिसणे, झटके वाढणे, ही अस्थिभंगाची लक्षणे असू शकतात. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर रक्तदाब एकाएकी चढून डोके ठणकू लागते आणि तो प्रसंग जिवावर बेतू शकतो. हीच सूज शिरेत रक्ताची गुठळी झाल्यामुळेही येते, आणि तिथे चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सुजलेल्या, न दुखणाऱ्या पायाला तेल लावायचे नसते. तो न हलवता, आधार देऊन, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा असतो.

पहिल्या विधानात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. खुर्ची ढकलणाऱ्या आणि गोळा फेकणाऱ्या हातांच्या हाडांना त्या श्रमाचा लाभ मिळतो. पण हाड जिथे भार येतो तिथेच टिकते. मज्जारज्जूच्या इजेनंतर पायांवरचा भार आणि स्नायूंचा ताण दोन्ही जातात, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत गुडघ्याच्या आसपासचे जाळीदार हाड झपाट्याने विरळ होते. त्या मजकुरात व्हीलचेअरवरच्या खेळाडू दीपा मलिक यांनी २०१६ मध्ये रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत मिळवलेल्या रौप्यपदकाचा दाखला आहे. ते पदक त्यांच्या बाहूंचे, कौशल्याचे आणि जिद्दीचे आहे. त्यावरून कोणाच्याही पायांच्या हाडांविषयी काहीच सिद्ध होत नाही.

उभे करण्याबाबत इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री या, हाडांची घनता मोजण्याविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची २०१९ ची भूमिका स्पष्ट आहे: पायांवर भार देणारा व्यायाम सुरू करण्यापूर्वी हाडांची घनता आणि अस्थिभंगाचा धोका तपासावा. उभे राहण्याला तिचा सरसकट विरोध नाही. फिजिओथेरपिस्टने हलक्या हाताने सांधे हलवणेही आवश्यकच असते. मात्र दोघांनी काखेत धरून उचलणे आणि गुडघा दाबून वाकवणे हा व्यायाम नव्हे.

चुना हा तीव्र अल्कली आहे आणि तो तोंड व अन्ननलिका पोळवू शकतो. शिवाय इजेनंतर हाडांतून सुटणारे कॅल्शियम लघवीवाटे जाते आणि मूतखड्याचा धोका आधीच वाढलेला असतो, त्यामुळे कॅल्शियमची पूडही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मासे आणि नाचणी चांगलीच. काट्यांसकट खाल्लेली कुरकुरीत मांदेली कॅल्शियम देते, आणि १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते, तर प्रौढाची रोजची गरज १००० मिलिग्रॅमची आहे. पण ऊन अंगावर पडले तरच ड जीवनसत्त्व बनते, आणि जो खेळाडू सभागृहात सराव करतो व कोकणातला चार महिन्यांचा पावसाळा घरात काढतो, त्याच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या उन्हाचा हिशेब लागू पडत नाही. प्रवासात शौचालयाची सोय होणार नाही या भीतीने आमच्या भावासारखे खेळाडू दिवसदिवस अर्धपोटी राहतात, आणि त्या उपासमारीनेही हाडे झिजतात. त्या मजकुरात याचा उल्लेखही नाही.

शेवटी चाचणीविषयी. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीत बहुधा कंबरेचे मणके आणि खुबा एवढेच मोजतात. वर सांगितलेल्या संस्थेने मज्जारज्जूची इजा असलेल्या प्रौढांसाठी खुब्याबरोबर मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोकही मोजण्यास सांगितले आहे, कारण मणक्यांची घनता पुष्कळदा चांगली दिसते आणि हाड मात्र गुडघ्यापाशी मोडते. मावसभावाच्या दोन वर्षांपूर्वीच्या अहवालावर ‘सामान्य’ असा शेरा होता. गुडघा त्यात मोजलेलाच नव्हता.