३१ मार्च ही मावशीची तारीख नव्हती

आज दुपारी मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली एवढंच लिहिलेलं, "हे काय गं? मी तर मागच्या वर्षीच भरले ना?" मेसेज इंग्रजीत. विम्याचा दुसरा हप्ता, एक लाख रुपये, मार्चअखेरच्या आत भरा. मी ऑफिसमधून हाफ डे टाकला आणि वागळे इस्टेटवरून सरळ खारेगाव गाठलं. आता रात्री घरी येऊन लिहितेय. राग उतरलेला नाही, त्यामुळे भाषा कडक झाली तर समजून घ्या.

झालं असं. गेल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मावशीची एक एफडी पिकली. ती बँकेत गेली नूतनीकरण करायला. तिथे एक तरुण मुलगी भेटली, गोड बोलणारी, मावशीला "मावशी" म्हणणारी. तिने सांगितलं, एफडीपेक्षा चांगली योजना आहे, टॅक्स वाचेल, पण ३१ मार्चच्या आत करावं लागेल, नंतर बंद होणार. मावशीने सही केली. तिला वाटलं लाख रुपये एकदा ठेवायचे आणि काही वर्षांनी घ्यायचे. प्रत्यक्षात ती दहा वर्षं, दर मार्चला एक लाख भरायची विमा पॉलिसी निघाली. मावशी ६७ वर्षांची आहे.

टॅक्स वाचेल म्हणे! कुठला टॅक्स? काका महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांच्या मागे मावशीला फॅमिली पेन्शन मिळते आणि थोडं एफडीचं व्याज. तिला गेल्या वर्षीही कर शून्य होता, यंदाही शून्य. आणि नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू असते, आपण मुद्दाम जुनी निवडली नाही तर हीच. तिच्यात ८०सीची, म्हणजे विम्यासारख्या बचतीवरची, वजावट मिळतच नाही. म्हणजे जिच्यावर करच नाही तिला कर वाचवायची वस्तू विकली, आणि तीही अशा वजावटीच्या नावाखाली जी तिला लागूच होत नव्हती.

आज तो जाड लिफाफा मी कपाटातून काढला. पैठणीच्या खाली, काकांच्या सर्व्हिस बुकाच्या झेरॉक्ससोबत नीट ठेवला होता तिने. पॉलिसीच्या मागे अर्जाची प्रत जोडलेली. त्यात मावशीचा व्यवसाय लिहिलाय "बिझनेस". वार्षिक उत्पन्न सहा लाख. जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारलेली, झेरॉक्समध्येही दिसतेय. आणि प्रत्येक फुलीशेजारी मावशीची मराठीतली सही, शिक्षकाच्या बायकोची, वळणदार, रेघेवर. मी विचारलं, हे बिझनेस कोणी लिहिलं? म्हणाली, "मला काय माहीत, ती भरत होती, मी चष्मा घरी विसरले होते."

हे वाचून माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आपण सगळे मार्च आला की गडबडतो. का? ३१ मार्च ही आर्थिक वर्षाची शेवटची तारीख आहे, बरोबर. ज्यांना कर भरायचाय, ज्यांनी जुनी करप्रणाली निवडलीय, त्यांच्यासाठी ती महत्त्वाची आहे. पण बाकीच्यांसाठी ती कुणाची तारीख आहे? विकणाऱ्याची. त्यांचं टार्गेट त्या दिवशी संपतं. आपलं घर काही त्या दिवशी संपत नाही. आपल्या घराचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, शाळेच्या दप्तरापासून. पण ती घाई आपल्या अंगावर अशी चढवतात की रोज भाजी घासाघीस करून घेणारी बाई लाखाच्या कागदावर चष्म्याशिवाय सही करून येते.

हो, शेवटची तारीख असली की निदान त्या भीतीने लोक बचत तरी करतात, हे मान्य. आणि ती मुलगीही नोकरीच करत होती, तिच्या डोक्यावरही कुणीतरी उभं असणार. तेवढं मान्य करून पुढे जाते.

कारण मला खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतोय. मावशीला तारखा कळत नाहीत असं कुणी म्हणू नये. माझ्या ओळखीत वर्षाचं नियोजन तिच्याइतकं नीट कुणाचंच नाही. संकष्टीचा चंद्रोदय तोंडपाठ, सासऱ्यांची तिथी तोंडपाठ, सोसायटीचा मेंटेनन्स तिमाही बिल आलं की दुसऱ्या दिवशी. महापालिकेचा मालमत्ता कर वर्षाचा एकदम आणि लवकर भरला की सवलत मिळते, म्हणून एप्रिल-मेपासून तिचं लक्ष बिलाकडे. उन्हाळ्यात महावितरणचं वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तेव्हा इमारतीतले निम्मे लोक "दोनदा बिल पाठवलं" म्हणून आरडाओरडा करत होते, हिने शांतपणे वाचून सांगितलं की वर्षभराची सरासरी वाढली की ठेव वाढते. मे अखेरीला खात्यातून २० रुपये कापले गेले तर बँकेत जाऊन विचारून आली कशाचे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे, दोन लाखांचा अपघात विमा, १ जून ते ३१ मे. वीस रुपयांचा हिशेब जी बाई मागते तिच्याकडून लाख रुपये नेले.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. त्याची तर ती दिवाळीच्या फराळाआधीपासून आठवण करते, कारण तो राहिला की पेन्शन थांबते. गणपतीला कणकवलीला जायचं तर रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं, हे मला तिनेच सांगितलं.

या सगळ्यात जून मोठा. जूनमध्ये तिचा मेडिक्लेम असतो. त्या वयात त्याचा हप्ता म्हणजे दोन महिन्यांची पेन्शन. ती पिकलेली एफडी त्याच्यासाठीच होती! मार्चमध्ये पिकवायची, थोडी बचत खात्यात ठेवायची, त्यातून जूनचा मेडिक्लेम आणि पुढे गणपती, हे तिचं गणित वर्षानुवर्षांचं. गेल्या जूनमध्ये तिने भिशीतल्या बायकांकडून आपला नंबर आधी मागून घेतला. मला तेव्हा नवल वाटलं होतं, कारण ती नंबर नेहमी दिवाळीला घेते. आज कारण समजलं. कुणाला काही बोलली नाही. मेडिक्लेम भरला, गणपतीला कणकवलीला गेली नाही, म्हणाली गुडघे दुखतात.

आता मी जरा थांबते. पाणी पिऊन आले.

मेडिक्लेमचं एवढ्यासाठी सांगते की वर्षातली एखादी तारीख खरंच हलवता येत नसेल तर ती ही. उशीर झाला तर ३० दिवसांची सवलत असते, पण त्या मधल्या दिवसांत दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर पैसे मिळत नाहीत. आणि सवलतही उलटली तर साखर, बीपी यांच्यासाठी काढलेली तीन-तीन वर्षांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून. आईवडिलांच्या पॉलिसीची तारीख आपल्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा, त्यांच्या एकट्याच्या मोबाइलवर सोडू नका. एक बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. ज्येष्ठांना तो १८ टक्के फार जड जायचा.

मी रोज हेच काम करते. छोट्या कंपनीचे अकाउंट्स. जानेवारीत ऑफिसमधल्या मुलांकडून गुंतवणुकीचे पुरावे मागायचे, ज्यांनी दिले नाहीत त्यांचा टीडीएस, म्हणजे आधीच कापून घ्यायचा कर, फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कापायचा. मार्चचा पगार हातात आला की चोविशी-पंचविशीतली पोरं माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, मॅडम एवढाच? आणि त्याच आठवड्यात त्यांनाही फोन सुरू असतात, सर आजच करा, आज शेवटचा दिवस. त्यातल्या बऱ्याच जणांना नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत करच लागत नाही. मी आता प्रत्येकाला एकच विचारते, तुझा कर किती निघतो ते आधी सांग. शून्य असेल तर फोन ठेव.

दुसरं, पगार सात तारखेला आणि कर्जाचा हप्ता पाच तारखेला. दर महिन्याला दोन दिवसांसाठी दंड भरतात. अरे, बँकेत अर्ज द्या, हप्त्याची तारीख बदलून मागा. मिळते बऱ्याचदा. विचारतच नाही कुणी.

आणि ज्यांना खरंच पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी दीर्घ मुदतीच्या बचत खात्यात, पैसे ठेवायचेत त्यांनी ३१ मार्चला धावत जाण्यापेक्षा ५ एप्रिलच्या आत भरावेत. पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. दीड लाख एप्रिलच्या सुरुवातीला भरले तर ७.१ टक्क्यांनी त्या वर्षाचं व्याज होतं १०,६५० रुपये. तेच दीड लाख वर्षाच्या शेवटी ३१ मार्चला भरले तर त्या वर्षासाठी त्यांच्यावर काहीच नाही. तेच पैसे, तेच खातं. आता सांगा, ५ एप्रिलचा फोन तुम्हाला कधी कुणी केलाय? मला तरी नाही आला. कारण त्यात कुणाचं कमिशन नाही.

सगळ्यांकडे एप्रिलमध्ये दीड लाख पडलेले नसतात, मला माहीत आहे, माझ्याकडेही नसतात. मग महिन्याला पाच तारखेच्या आत हजार भरा. पण फोन आला म्हणून नको.

पाडव्याला स्वागतयात्रा बघून परत येताना राम मारुती रोडवर सोनं घ्यायला रांगा. घ्या, आनंदाचा दिवस आहे, मीही घेते अर्धा ग्रॅम. अक्षय्य तृतीयेला घ्या. पण दिवाळीच्या सेलचा बिनव्याजी हप्ता, शाळेचं "लवकर प्रवेश घ्या, सवलत घ्या", आणि हे मार्चचे फोन, यांना आपले सण समजू नका. सण आपण ठरवलेले आहेत. ह्या तारखा दुसऱ्यांनी आपल्या दारात आणून ठेवल्यात.

घरभाडं येतं, क्लासेस घेता, एफडीचं व्याज बरंच आहे, आणि टीडीएस वजा जाऊन दहा हजार किंवा जास्त कर निघतोय, तर वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायच्या आगाऊ कराच्या तुमच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. साठीच्या पुढच्यांना धंद्याचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर नाही. पगारदार आणि पेन्शनवाल्यांच्या रिटर्नसाठी ३१ जुलै. बाकी ज्याचं त्याने बघावं.

मावशीकडे परत येते. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस तिला ती परत करता आली असती, नाममात्र कपात होऊन पैसे परत. "फ्री लूक" म्हणतात त्याला. ते त्या लिफाफ्यातच छापलंय, बारीक अक्षरात, इंग्रजीत. आता ती मुदत गेली. आत्ता मोडली तर थोडे पैसे मिळतील, ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एका वर्षाच्या हप्त्यानंतरही काही सरेंडर मूल्य मिळतं, पण लाख मिळणार नाहीत. मावशी म्हणाली, "जाऊ दे गं, आता भरून टाकू, वाद नको." मी नाही म्हटलं. एक रुपया पुढे भरायचा नाही.

सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत. अर्जात चुकीचा व्यवसाय आणि खोटं उत्पन्न लिहिलंय, एकदाच भरायचे सांगून दहा वर्षांची विकलीय, कर शून्य असताना करबचत सांगितलीय, हे सगळं लेखी, मराठीत, पोच घेऊन. बँकेला एक प्रत, विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एक. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निकाल देणारा अधिकारी. तिथे फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाचा १५५२५५ हा तक्रारीचा नंबरही आहे.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, आपापल्या आई, सासू, मावशी, आत्या, एकटे राहणारे काका, ज्यांची एफडी या महिन्यात पिकतेय, त्यांना आज-उद्या फोन करा आणि सरळ विचारा, कुठे सही केलीत का. केली असेल तर लिफाफा कधी आला ती तारीख बघा, तीस दिवस उलटले नसतील तर लगेच परत करा. रागावू नका त्यांच्यावर, ते सांगायचे थांबतात.

दुसरं, तुमच्यापैकी कुणी विमा लोकपालाकडे तक्रार केली असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, अर्जासोबत कुठले कागद जोडले आणि सुनावणीला ज्येष्ठांना स्वतः जावं लागलं का. मावशीचे गुडघे खरोखरच दुखतात.