उन्हात तापवून जाड वॅक्स लावू नका

व्हॉट्सॲपवर सल्ला फिरतोय: गाडी उन्हात तापवा, वॅक्सचा जाड थर द्या, म्हणजे ते रंगात मुरतं आणि जास्त चमकतं. कृपया असं करू नका. वॅक्स मुरत नाही, क्लिअरकोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, पातळ थर होऊन बसतं. जास्तीचं सगळं फडक्यातच जातं. तापलेल्या बॉनेटवर तर ते झटकन वाळून असं चिकटतं, की पुसताना नाकी नऊ येतात.

गाडी धुऊन, कोरडी करून, सावलीत थंड पत्र्यावर जेमतेम धुरकट दिसेल इतकंच लावा. बोट फिरवल्यावर खाली स्वच्छ रंग दिसला, की मायक्रोफायबरने पुसा. गडद रंगावर ब्राझीलचं कार्नौबा (ताडाच्या पानांवरचं मेण) सुरेख खुलतं. वॅक्सऐवजी लावायचं सिंथेटिक सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप) सहसा जास्त टिकतं. ओरखडे मात्र दोन्हींनी जात नाहीत, त्याला आधी पॉलिशच हवं.