पेन भारी, अक्षर तेच

१ जुलैचा डॉक्टर्स डे जवळ आला की 'खास डॉक्टरांसाठी' फाउंटन पेनांच्या जाहिराती सुरू. क्लिपवर दोन सापांचा दंड. अहो, तो ग्रीक देवदूत हर्मिसचा! वैद्यकाचा दंड अस्क्लेपियस या ग्रीक वैद्यदेवाचा, त्याला साप एकच.

वर निब ब्रॉड, म्हणजे जाड टोकाची. चिठ्ठीचा स्वस्त कागद शाई पितो, अक्षराला मुळ्या फुटतात, इंग्रजी ई आणि सी सारखेच दिसतात. कार्बन कॉपी लागते तिथं तर हे पेन बिनकामाचं: दाब दिला की निब फाकते, खालच्या प्रतीवर धड उमटत नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात टोपण उघडं राहिलं की निब वाळली. मग झटका, आणि ठिपका पडणार नेमका डोसावर.

पण अक्षराचं काय? इन्सुलिनपुढं '१० यू' असं इंग्रजीत खरडलं की यू शून्यासारखा दिसतो, १० चे १०० युनिट होतात. '.५' मधला ठिपका दिसला नाही की दहापट डोस. '०.५' लिहा, 'युनिट' पूर्ण लिहा, एवढंच तर आहे! मेडिकल कौन्सिलनं २०१६ सालीच सांगितलंय: औषधाचं जेनेरिक (ब्रँडचं नव्हे, मूळ) नाव, सुवाच्य, शक्यतो कॅपिटलमध्ये. तरी खेड्यावरून एसटीनं आलेला पेशंट मेडिकलवाल्याच्या तोंडाकडं बघत उभा, आणि मेडिकलवाला अंदाज बांधतोय.

फाउंटन पेनच हवं तर फाइन निब, ८० जीएसएम कागद आणि पाण्यानं न पुसणारी पिगमेंट शाई घ्या. ती आत वाळली की फीड (निबपर्यंत शाई नेणारा भाग) तुंबतो, पेन नियमित धुवावं लागतं. जाहिरातीत हे कोण सांगतंय?