‘कोरडे वर्षावन’ म्हणजे बिघडलेले झुडूप नव्हे

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील टाउन्सव्हिलच्या दक्षिणेपासून न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागापर्यंत तुकड्यातुकड्यांनी उरलेल्या निमसदाहरित वेलीवनांविषयी, म्हणजे ‘कोरड्या वर्षावनां’विषयी, एक दावा सर्रास फिरतो. इतक्या कमी पावसात वर्षावन असणे शक्य नाही, त्यामुळे ही नीलगिरीच्या रानाची बिघडलेली झुडुपे आहेत. ती हजार किलोमीटरांवर पसरली असल्याने धोक्यात नाहीत. आणि आग लागली तरी पुन्हा फुटतील, असे त्यात म्हटलेले असते.

पाऊस कमी आहे, हे खरे. वर्षाला साधारण 500 ते 750 मिलिमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर-पुण्याकडे पडतो तेवढाच. मात्र वर्षावन ठरते ते झाडांच्या शेंड्यांनी केलेल्या बंदिस्त छतावरून, वेलींवरून आणि तिथे वाढणाऱ्या वनस्पतींवरून. या रानात फुगीर बुंध्याचा बॉटल ट्री छताच्या वर डोके काढतो. खाली विल्गा, रानऑलिव्ह, क्रोटन दाटीने उभे असतात आणि त्याखाली आपल्या करवंदाच्याच प्रजातीतील करंट बुशची काटेरी जाळी माजलेली असते. काही ठिकाणी ऊलाइन हा वृक्षही भेटतो, ज्याच्या प्रजातीत दुसरी जातच नाही. नीलगिरीचे रान बिघडून हा संच तयार होत नाही. कडेला ब्रिगॅलो (बाभळीच्या जातकुळीतले झाड) किंवा बेलाह (सुरूसारखे झाड) उगवलेले दिसतात म्हणून सगळ्याला एकाच मापाने मोजणे ही निव्वळ घाई आहे.

पसाऱ्याचा मुद्दा तर सर्वांत फसवा आहे. ही वने बेसॉल्टच्या किंवा बारीक पोताच्या सुपीक जमिनीवर वाढली आणि शेतीला व कुरणांना नेमकी तीच जमीन हवी होती, म्हणून दोन बुलडोझरांमध्ये साखळदंड ताणून रानेच्या राने आडवी केली गेली. दुष्काळात गुरांना चारा होतो म्हणून बॉटल ट्री तेवढे राखले. आज मोकळ्या कुरणात एकटे उभे असलेले असे झाड पूर्वीच्या वनाचा पुरावा असते; त्याला वन म्हणून मोजता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या 1999 च्या पर्यावरण कायद्याखाली हा वनसमुदाय संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, तो उगाच नव्हे.

राहिली आग. एखाद्या आगीनंतर काही झाडे बुडख्यातून फुटतात, एवढे मान्य करावे लागेल. लहानशा उरलेल्या तुकड्याला वारंवार आग सोसत नाही, आणि आता तीच वारंवार येते, कारण चाऱ्यासाठी लावलेले बफेल गवत, म्हणजे आपले अंजन गवत, कुरणातून थेट वनाच्या कडेत शिरते, वाळते आणि ज्वाळा आत नेते. आत मऊ पालापाचोळा असतो. लावा पक्ष्यासारखा दिसणारा काळ्या छातीचा एक दुर्मीळ पक्षी त्यात गोल गोल फिरत पायाने उकरून बशीएवढे खळगे करतो आणि कीटक टिपतो. पाचोळा जळाला की त्याचे खाद्य संपते. हाच पक्षी घाणेरीच्या जाळीतही आसरा घेतो, त्यामुळे कडेची घाणेरीसुद्धा एकदम न उपटता, देशी झुडुपे वर येतील तशी टप्प्याटप्प्याने काढावी लागते.